एल्क माउंटनचा कोपरा: खिशातला नकाशा, लोखंडी शिडी आणि १८८५ चा कायदा

ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातल्या कार्बन काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) चार शिकाऱ्यांवर गुन्हा नोंदवला गेला. चौघेही मिझुरी राज्यातून आलेले. आरोप दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत विनापरवाना शिरल्याचा. गंमत अशी की त्यांनी जिथे तंबू ठोकला ती जमीन सरकारी होती आणि शिकार केली तीही सरकारी. ज्या खासगी जमिनीत ते 'शिरले' म्हणून तक्रार झाली, तिथल्या मातीला त्या वर्षी त्यांचे बूट लागल्याचंही कुणी म्हणत नव्हतं. तक्रार हवेबद्दल होती. एका सरकारी चौकोनातून दुसऱ्या सरकारी चौकोनात जाताना त्यांचे खांदे आणि कोपर शेजारच्या मालकाच्या जमिनीवरच्या हवेतून गेले, एवढाच काय तो अपराध.

ते एल्कच्या मागावर होते. एल्क हरणाच्याच कुळातला, पण आपल्या सांबरापेक्षाही दांडगा. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या घरात जातो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार म्हणजे थेट गुन्हा. तिकडे ती परवाना काढून, हंगाम पाळून, वर्षाचं मटण फ्रीजरमध्ये भरण्यासाठी केली जाणारी सर्वसामान्य गोष्ट आहे. हे मनाला पटो वा न पटो, पुढचं समजायला ते गृहीत धरावं लागेल.

स्मार्टफोन आणि समाजमाध्यमांनी हरणांची शिकार कशी बदलली असं विचारलं की लोक हमखास दोन गोष्टी सांगतात. एक, झाडाला बांधलेला कॅमेरा, जो जनावर समोरून गेलं की फोटो थेट मोबाइलवर धाडतो. दोन, मारलेल्या नराची शिंगं धरून काढलेले फोटो आणि त्याखालची वाहवा. दोन्ही खरं आहे. कॅमेऱ्यांचा सुळसुळाट इतका झाला की ॲरिझोनाने जानेवारी २०२२ पासून शिकारीच्या कामासाठी ते लावायलाच बंदी घातली. पण माझ्या मते मोबाइलने केलेला सगळ्यात मोठा बदल जनावराशी संबंधित नाहीच. तो जमिनीशी संबंधित आहे. हद्द नेमकी कुठे आहे हे आतापर्यंत फक्त जमीनमालकाला आणि त्याच्या मोजणीदाराला ठाऊक असायचं. ते आता बाहेरगावच्या कुठल्याही साध्या शिकाऱ्याला कळायला लागलं. एल्क माउंटनचं प्रकरण हा त्याचा सगळ्यात स्वच्छ नमुना आहे.

जमिनीचा पट

१८६२ साली अमेरिकन काँग्रेसने पॅसिफिक रेल्वेचा कायदा केला. देश आडवा कापून रूळ टाकायचे होते आणि खजिन्यात पैसा नव्हता, म्हणून रेल्वे कंपन्यांना पैशाऐवजी जमीन देण्यात आली. रुळाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात एक-एक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे चौकोन पाडले. विषम क्रमांकाचे चौकोन रेल्वेला, सम क्रमांकाचे सरकारकडे. पट्ट्याची रुंदी आधी दोन्हीकडे दहा मैल होती, १८६४ मध्ये ती वीस मैल झाली. हिशोब सरळ होता: रेल्वेने आपले चौकोन विकून भांडवल उभं करावं, आणि रेल्वे आली की उरलेल्या सरकारी चौकोनांचा भाव आपसूक वाढावा.

दक्षिण वायोमिंगमधून युनियन पॅसिफिकचे रूळ गेले आणि तिथली जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी झाली. काळं घर खासगी, पांढरं सरकारी. आता या पटावर एका पांढऱ्या घरातून दुसऱ्या पांढऱ्या घरात जायचं तर उंटासारखं तिरकंच जावं लागतं, आणि दोन पांढरी घरं एकमेकांना फक्त कोपऱ्यात शिवतात. आपल्याकडे शेताला वाट नसली तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे बांधावरून रस्ता मागता येतो. वायोमिंगच्या पटावर मागायला बांधच नाही. तिथे आहे तो एक बिंदू, आणि बिंदूला रुंदी नसते.

सरकारी चौकोन पुष्कळसे भूव्यवस्थापन विभागाच्या ताब्यात, म्हणजे जनतेचे. तिथे फिरायचा, मासे धरायचा, परवाना असेल तर शिकार करायचा हक्क सगळ्यांना. पण आत जायचं कसं? वर्षानुवर्षं याचं उत्तर एकच होतं: शेजारच्या मालकाची मर्जी असेल तर. पैसेवाल्या रँचमालकांच्या (रँच म्हणजे गुरं चारायची मोठी खासगी जमीन) हे पथ्यावरच पडलं. आपले चौकोन विकत घ्यायचे आणि मधले सरकारी चौकोन फुकटात वापरायचे. पश्चिम अमेरिकेत रँचच्या किमतीत हा फुकटचा हिस्सा धरलेला असतो. उघडपणे तो कुणी बोलून दाखवत नाही इतकंच.

एल्क माउंटन हा ११,१५६ फूट उंचीचा एकांडा डोंगर. त्याच्या उत्तरेकडून आंतरराज्य महामार्ग ८० जातो. डोंगराभोवतीची रँच, साधारण २२ हजार एकरांची, आयर्न बार होल्डिंग्ज या कंपनीच्या नावावर आहे. कंपनीमागचे मालक फ्रेड एशेलमन, औषध-संशोधनाच्या धंद्यात मोठे झालेले नॉर्थ कॅरोलिनाचे उद्योजक. या रँचच्या पोटात हजारो एकर सरकारी जमीन अडकलेली. हंगाम सुरू झाला, बंदुकांचे आवाज घुमायला लागले की एल्कचे कळप शिकाऱ्यांची गर्दी असलेल्या भागातून सरकून निवांत जागी जातात, हे तिकडच्या प्रत्येक शिकाऱ्याला माहीत आहे. निवांत जागा म्हणजे अर्थातच जिथे लोकांना जाता येत नाही ती. तेव्हा एल्क माउंटनवरच्या त्या अडकलेल्या चौकोनांवर डोळा असणं स्वाभाविक होतं.

कागदी नकाशा आणि निळा ठिपका

तिरकं जाण्याची ही कल्पना काही या चौघांनी शोधून काढलेली नाही. बोलणारे आधीही होते, जाणारेही असतील. पण छातीठोकपणे जाता येत नव्हतं, आणि त्याचं कारण अगदी साधं होतं. जमिनीची मालकी रंगवून दाखवणारा सरकारी कागदी नकाशा असायचा १:१,००,००० प्रमाणाचा. त्यावर एक मैल म्हणजे जेमतेम १.६ सेंटिमीटर. पेन्सिलीने अर्ध्या मिलिमीटरची रेघ मारली तर ती जमिनीवर पन्नास मीटर रुंद होते. असा नकाशा हातात घेऊन झुडपांच्या माळावर उभं राहिलं तर चौकोनाचा कोपरा इथे आहे की त्या ओहोळापलीकडे, हे सांगायची कुणाची टाप नव्हती. रखवालदार येऊन म्हणाला, 'तू आमच्या हद्दीत आहेस', तर निमूट मागे फिरायचं. तो खरं बोलतोय की दडपून, हे पडताळायला हातात काही नव्हतंच.

२००९ मध्ये मोंटानातल्या मिझुला इथे ऑनएक्स नावाची कंपनी सुरू झाली. काउंटी कचेऱ्यांमधल्या मिळकतींच्या नोंदी एकत्र करून तिने आधी हातातल्या जीपीएस यंत्रासाठी आणि पुढे मोबाइलसाठी नकाशे आणले. ॲप उघडलं की पायाखालच्या जमिनीचा तुकडा रंगात दिसतो, खासगी असेल तर मालकाचं नावही, आणि मध्ये आपण स्वतः, एक निळा ठिपका. रेंज नसली तरी नकाशा आधीच उतरवून घेता येतो. वाटेत खुणा टाकता येतात, चाललेल्या वाटेची रेघ साठवता येते. आजचा अमेरिकन शिकारी दुर्बीण एखाद वेळी विसरेल, हे ॲप विसरणार नाही.

या ॲपचीही मर्यादा आहे आणि या प्रकरणात ती महत्त्वाची ठरते. मोकळ्या आभाळाखाली मोबाइलचा जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. रस्ता शोधायला पाच मीटर म्हणजे काहीच नाही. पण ज्या कोपऱ्याला रुंदीच नाही तिथे पाच मीटर म्हणजे सरळसरळ दुसऱ्याच्या आवारात. म्हणून शेवटचं पाऊल ॲपच्या भरवशावर टाकता येत नाही. तिथे जुनी सरकारी मोजणी कामाला येते. मोजणीदारांनी चौकोनांच्या कोपऱ्यांवर रोवलेले खुंट असतात, वर पितळी टोपी, टोपीवर चौकोनांचे क्रमांक कोरलेले. एल्क माउंटनच्या त्या कोपऱ्यावर अशी खूण होती. मोबाइलने शिकाऱ्यांना तिच्यापाशी आणून सोडलं. नेमका बिंदू पितळेने दाखवला.

साखळी, मग शिडी

२०२० च्या हंगामात या चौघांतले काही जण पहिल्यांदा तिथे आले. सार्वजनिक रस्त्यालगतच्या सरकारी चौकोनात तळ टाकला, ॲप बघत कोपऱ्यापर्यंत चालत गेले. तिथे आसपास कुंपणाचा पत्ता नव्हता, पण नेमक्या कोपऱ्यावर मालकाने लोखंडी पट्टीचे दोन खांब ठोकलेले, एक या खासगी चौकोनात, दुसरा समोरच्या. दोघांवर 'आत येऊ नये' अशा पाट्या आणि दोघांना जोडणारी साखळी, कुलपासकट. उघड्या माळावर चहूबाजूंनी मोकळी वाट, आणि कुलूप फक्त त्या एका बिंदूला! मालकाच्या माणसांनाही कोपरा कुठे आहे आणि लोक कुठून येणार हे पक्कं माहीत होतं, याचा याहून चांगला पुरावा नको.

शिकाऱ्यांनी खांबाला धरलं, अंग झोकून पलीकडच्या सरकारी चौकोनात पाय टेकले आणि पुढे गेले. खांब मालकाचा, त्याला हात लागला. हे पुढे अंगाशी येऊ शकतं हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. कारण २०२१ मध्ये चौघे आले ते लोखंडी शिडी बरोबर घेऊन. घडीची, दोन्हीकडे पायऱ्या असलेली. तिचे एका बाजूचे पाय या सरकारी चौकोनात, दुसऱ्या बाजूचे त्या सरकारी चौकोनात, मधोमध खांब आणि साखळी. एका बाजूने चढायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं. खांबाला, साखळीला, खासगी मातीला कशालाही स्पर्श नाही. कायद्याचा इतका बारीक विचार करून घरून शिडी आणणाऱ्या माणसांना 'चोरून शिरलेले' म्हणणं मला तरी जड जातं.

रँचच्या व्यवस्थापकाने तक्रार केली. शेरीफचा, म्हणजे काउंटीच्या पोलिसप्रमुखाचा, माणूस आला, वन्यजीव रक्षक आला. सुरुवातीला दोघांनाही गुन्हा नोंदवण्यासारखं काही दिसलं नाही. २००४ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयानेच म्हटलं होतं की कोपरा ओलांडणं शिकारीच्या कायद्याखाली आपोआप गुन्हा ठरत नाही. साध्या अनधिकार प्रवेशाच्या कायद्याखाली ठरूही शकेल. म्हणजे अंधारच. या भेटींची चित्रफीत अधिकाऱ्यांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यात उतरली. तीत व्यवस्थापक विचारतो आहे की आमच्या मालकाकडे किती पैसा आहे, किती जमीन आहे, याची या लोकांना कल्पना आहे का. सरकारी नोंद असल्यामुळे ही फीत पुढे बाहेर आली. पश्चिमेतल्या शिकाऱ्यांच्या मोबाइलवर ती फिरली आणि ज्यांना कोपरा, चौकोन, १८६२ वगैरेंशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांनाही ते एक वाक्य बरोबर कळलं.

शेवटी काउंटीच्या सरकारी वकिलाच्या पातळीवर निर्णय होऊन चौघांवर गुन्हा दाखल झाला. दोष सिद्ध झाला असता तर सहा महिन्यांपर्यंत कैद आणि साडेसातशे डॉलरपर्यंत दंड. एप्रिल २०२२ च्या अखेरीस रॉलिन्स गावात सहा ज्युरींपुढे खटला चालला आणि चौघेही सगळ्या आरोपांतून सुटले. रँच ज्या काउंटीत आहे तिथल्याच माणसांनी दिलेला हा निकाल होता.

वर्गणी

पण खरा धोका फौजदारी खटल्याचा नव्हताच. खटला चालू होण्याआधीच, २०२२ च्या सुरुवातीला, आयर्न बारने दिवाणी दावा लावला होता. तो पुढे संघराज्याच्या न्यायालयात गेला. त्यात रँचच्या बाजूने हिशोब मांडला गेला की असं कोपरे ओलांडणं कायदेशीर ठरलं तर रँचची किंमत पाव हिश्शाने उतरेल, म्हणजे नुकसान ७५ लाख डॉलरहून जास्त. एक शिडी आणि चार माणसं, त्याची ही किंमत. मात्र या हिशोबानेच मालकाच्या बाजूचं गुपित फोडलं, असं मला वाटतं. मालकाच्या मातीचा एक कणही कमी झालेला नसताना किंमत पाव हिश्शाने घटत असेल, तर तो पाव हिस्सा कशाचा होता? लोकांच्या जमिनीवरच्या एकट्याच्या कब्जाचा.

असा दावा अंगावर आला की साधा माणूस काय करतो? तडजोड. माफीनामा लिहून देतो, पुन्हा येणार नाही म्हणून सांगतो आणि वकिलाची फी वाचवतो. दिवाणी दाव्याचा धाक असतो तो निकालाचा नव्हे, तारखांचा; हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. इथे समाजमाध्यमांनी काम केलं. बॅककंट्री हंटर्स अँड अँगलर्स या शिकारी-मासेमारांच्या संघटनेच्या वायोमिंग शाखेने बचावासाठी गोफंडमी या देणग्यांच्या संकेतस्थळावर वर्गणी सुरू केली. दुवा हातोहात पसरला आणि लाख डॉलरहून जास्त रक्कम गोळा झाली. वर्गणीशिवाय हे चौघे अपिलापर्यंत टिकले असते का, मला शंका आहे. टिकले नसते तर निकालही झाला नसता, कारण या कोपऱ्यांबद्दल दीडशे वर्षांत स्पष्ट निकाल न होण्यामागे हेही एक कारण असणार: लढायला परवडणारा माणूस कधी प्रतिवादी झालाच नाही.

दुसरीकडे वायोमिंगच्या पशुपालकांच्या आणि मेंढीपालकांच्या संघटना रँचच्या बाजूने न्यायालयात उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. हद्दीचा मान राहिला नाही तर फाटकं उघडी राहणं, गुरांच्या मागे कुत्री लागणं, सुक्या गवतात आग लागणं, हे सगळं त्यांच्या वाट्याला येतं. सगळेच रँचमालक औषध कंपनीचे धनी नसतात.

खूण क्रमांक सहा

आता या प्रकरणातला मला सगळ्यात बोलका वाटणारा तुकडा. दिवाणी दाव्यात रँचच्या वकिलांनी शिकाऱ्यांच्या ॲपमधल्या खुणांवर बोट ठेवलं. त्यातली एक, 'वेपॉइंट ६', २०२० ची, नकाशावर सरळ खासगी चौकोनाच्या आत पडलेली होती. वकिलांचं म्हणणं: बघा, हा माणूस इथे उभा होता, त्याच्याच मोबाइलने लिहून ठेवलंय.

ॲप वापरणाऱ्या कुणालाही यातली खोच लगेच कळेल. खूण दोन प्रकारे पडते. आपण जिथे उभे आहोत तिथे बटण दाबून. किंवा घरी सोफ्यावर बसून नकाशावर हवं तिथे बोट दाबून धरून. दूरच्या सोंडेवर एल्क दिसला, त्या जागी खूण टाकली. पाणवठा दिसतोय, खूण टाकली. इथून आत जायचं नाही हे लक्षात राहावं म्हणूनही लोक खूण टाकतात. नकाशावर सगळ्या खुणा सारख्याच दिसतात. पाऊल पडलं होतं की नुसतं बोट, हे त्या रंगीत टिंबावरून सांगता येत नाही.

मे २०२३ मध्ये न्यायाधीश स्कॉट स्कॅवडाल यांनी मुख्य मुद्द्यावर शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. चौकोनांच्या या पटावर पायी जाताना खासगी जमिनीला स्पर्श न करता आणि तिचं नुकसान न करता कोपरा ओलांडणं हा अनधिकार प्रवेश नाही, असा त्याचा आशय. लाखो डॉलरचा दावा त्याबरोबर कोसळला. शिल्लक काय राहिलं? ती सहा नंबरची खूण. १८६२ च्या जमीनवाटपापासून आभाळाच्या मालकीपर्यंत सगळा वाद झाल्यावर न्यायालयापुढे उरला तो मोबाइलच्या पडद्यावरचा एक ठिपका. पुढे अपिलाची वाट मोकळी करताना रँचनेच तो मुद्दा सोडून दिला, त्यामुळे तिथे कोण उभं होतं की नव्हतं याचा निवाडा झालाच नाही.

ज्या यंत्राने शिकाऱ्याला मालकाच्या बरोबरीला आणून बसवलं तेच यंत्र समोरच्या वकिलाला त्याची दैनंदिनी पुरवतं. आधीच्या पिढीतला शिकारी कुठून गेला, कुठे बसला, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नसायचं. चोरून शिकार करणाऱ्यांना तर समाजमाध्यमं हमखास गोत्यात आणतात. शिंगांसोबतचा फोटो टाकायचा मोह आवरत नाही आणि वन्यजीव रक्षक तो बघून दाराशी येतात. आता मात्र नियमाने वागणाऱ्यालाही आपण मागे काय नोंद सोडतोय याचा विचार करावा लागतो. जाणते शिकारी फोटो टाकताना मागची डोंगररांग कापून टाकतात, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे गाड्यांची रांग. ॲपमधल्या खुणांची तेवढी काळजी फारसं कुणी घेत नसावं.

मेंढ्या, चिंकारासारखी हरणं आणि मग माणसं

अपील दहाव्या सर्किटच्या न्यायालयात, म्हणजे काही राज्यांच्या गटासाठी असलेल्या संघराज्याच्या अपील न्यायालयात गेलं. १८ मार्च २०२५ ला तिथेही शिकारीच जिंकले. न्यायाधीश टिमोथी टिमकोविच यांनी लिहिलेल्या या निकालातला तर्क मात्र खालच्या न्यायालयापेक्षा जरा वेगळ्या वाटेने जातो आणि तो वाचण्यासारखा आहे. वायोमिंगच्या मालमत्ता कायद्याप्रमाणे जमिनीवरची हवा मालकाचीच आहे, हे न्यायालयाने मान्य केलं. म्हणजे नुसत्या राज्याच्या कायद्यावर शिकारी हरले असते. त्यांना तारलं ते १८८५ च्या संघराज्याच्या कायद्याने, ज्याचा रोख बेकायदा कुंपणांवर आहे. त्या काळी मोठे पशुपालक सरकारी कुरणं कुंपणात घालून बळकावत होते. त्यांना आवर घालायला तो केला गेला. कुंपण स्वतःच्या जमिनीवर असलं तरी त्याने सरकारी जमीन कोंडली जात असेल तर ते चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १८९७ मध्येच सांगितलं होतं.

मधल्या काळात हा कायदा दोन वेळा याच पटावर कामाला आला. १९१४ मध्ये मेंढ्या घेऊन निघालेल्या एका माणसाच्या बाजूने: खासगी चौकोन चुकवणं शक्यच नसेल तर त्याला ओलांडून जाऊ द्या. आणि १९८८ मध्ये प्राँगहॉर्नसाठी. ही दिसायला आपल्या चिंकाऱ्याची आठवण करून देणारी चपळ जनावरं. रॉलिन्सजवळ एका रँचने आपल्याच चौकोनांच्या कडेने, कोपऱ्याला कोपरा जोडत, अठ्ठावीस मैलांचं कुंपण घातलं. हिवाळ्यात सरकारी जमिनीवरच्या चाऱ्यापर्यंत कळपांना पोचता येईना, जनावरं उपाशी मरायला लागली. न्यायालयाने कुंपण मोकळं करायला लावलं. रँचच्या वकिलांचा भर होता १९७९ च्या निकालावर, ज्यात सर्वोच्च न्यायालयाने याच भागात खासगी चौकोनातून रस्ता काढायचा सरकारचा हक्क नाकारला होता. पण डांबरी वा मातीचा कायमचा रस्ता वेगळा आणि कोपऱ्यावरून टाकलेलं पाऊल वेगळं, असं अपील न्यायालयाने ठरवलं. थोडक्यात, मेंढ्यांना आणि प्राँगहॉर्नना मिळालेला हक्क शेवटी पायी चालणाऱ्या माणसांना मिळाला. २० ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पुढचं अपील ऐकायला नकार दिला आणि निकाल कायम झाला.

किती कोपरे?

या वादाचा आकार किती आहे, हेही ॲपच्याच कंपनीने मोजलं. ऑनएक्सच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे पश्चिमेतल्या अकरा राज्यांत फक्त कोपऱ्यातूनच जाता येईल अशी सार्वजनिक जमीन ८३ लाख एकर आहे आणि असे कोपरे २७,१२०. एकट्या वायोमिंगमध्ये २४ लाख एकर. हे आकडे वाचताना कंपनीचा धंदा लक्षात ठेवावा. वाटा जितक्या खुल्या तितके ग्राहक जास्त. पण असं मोजणं शक्य झालं तेच मुळी सगळ्या काउंट्यांच्या नोंदी एका नकाशावर आल्यामुळे. त्याआधी 'बरीच जमीन अडकली आहे' यापलीकडे कुणाला काही सांगता येत नव्हतं, आणि 'बरीच' या शब्दावर कायदेमंडळ हलत नाही.

निकाल लागू आहे तो दहाव्या सर्किटच्या सहा राज्यांत: वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस, ओक्लाहोमा. वायोमिंगच्या उत्तरेला मोंटाना नवव्या सर्किटमध्ये मोडतं, आणि तिथल्या वन्यजीव खात्याने कोपरा ओलांडणं आमच्याकडे अजूनही बेकायदाच आहे असं सांगितलं आहे. राज्याची सीमा ओलांडली की ॲपमधले रंग तेच, निळा ठिपका तोच, चौकोनही तसेच. तीच शिडी मात्र गुन्ह्याचं साधन होऊ शकते.

आणि कोपरा खुला झाला म्हणून एल्क मिळेलच असं नाही. चौघांना जे ठिकाण हाती लागलं ते त्यांच्या आधी फारसं कुणी न गेल्यामुळे मोलाचं होतं. आता सगळ्यांकडे तोच नकाशा, तेच कोपरे, आणि या कोपऱ्याचं नाव तर देशभर झालेलं. वर्दळ वाढली की कळप सरकणार, आणि सरकणार ते बहुधा सगळ्या बाजूंनी खासगी असलेल्या जागेकडेच.

पुढचा खटला कशावरून होईल याचा माझा अंदाज असा. निकालाने संरक्षण दिलं आहे ते खासगी मातीला न शिवणाऱ्याला. एल्क माउंटनला पितळी टोपी जागेवर होती. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मोजणीचे कितीतरी खुंट गाडले गेलेत, उखडले गेलेत, काही ठिकाणी मुळात दगडांची रास होती ती विस्कटली. तिथे उरतो फक्त मोबाइल, पाच मीटर इकडे किंवा तिकडे. शिकारी सरळ मनाने दोन मीटर चुकला तर त्याच्या विरुद्धचा पुरावा त्याच्याच खिशात साठवलेला असेल. वाटेची नोंद चालू ठेवली तर आपण नियमाने गेलो हे दाखवता येतं, पण जीपीएसने रेघ थोडी बाजूला ओढली तर तीच नोंद उलटते. बंद ठेवली तर दाखवायला काहीच नाही. अशा वेळी खुंट सापडला तर त्यावरच्या क्रमांकांचा आणि पलीकडे टेकलेल्या शिडीच्या पायांचा फोटो काढून ठेवणं त्यातल्या त्यात शहाणपणाचं. खुंट नसेल तर तो कोपरा सोडून द्यावा, किंवा मोजणी खात्याकडे अर्ज करून वाट बघावी.